फुलदाणी कोणाच्या बापाची?

फुलाला जात नसते, असं ते म्हणतात. कोण म्हणतात? ज्यांनी फूल गाभाऱ्यात नेलं आणि चोखोबाला पायरीशी ठेवलं, ते म्हणतात. २ मार्च १९३० ला नाशकात काळारामाच्या दारावर आपली माणसं जाऊन उभी राहिली. त्याआधी किती पिढ्या झेंडू त्या दारातून बिनदिक्कत आत जात होता, याचा हिशोब कोणी ठेवलाय? झेंडू आत, माणूस बाहेर. त्या झेंडूच्या वावरात वाकून खुरपणारी बाईसुद्धा बाहेर. तेव्हा फुलाला जात असते दोस्तांनो. देवावर चढलं की सोवळं, उतरलं की निर्माल्य, आणि निर्माल्य उचलायची वेळ आली की ते आपलं.

आणि फुलाच्या चित्राला तर दुप्पट जात असते. मला आज त्याबद्दल भांडायचंय.

मी पेंटर आहे. वीस वर्षं पाट्या रंगवल्या. किराणा, सलून, ‘येथे चहा मिळेल’, सगळं. मग फ्लेक्स आला आणि धंदा खाऊन गेला. मोर्च्याचे बॅनर रंगवले, भिंतीवर घोषणा रंगवल्या, चौदा एप्रिलला बाबासाहेबांचे बारा-बारा फुटी चेहरे रंगवले. चष्म्याच्या काचेवर पांढरी चमक नेमकी कुठं मारायची हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो. आणि मी फुलं रंगवतो. काचेच्या ग्लासात पाणी, पाण्यात चार झेंडू, कधी तगरीची फांदी, कधी नुसतीच बोगनवेल, रेल्वेच्या कुंपणावरची, फुकटातली. लपूनछपून नाही, उघड रंगवतो. आणि या फुलांपायी मला दोन बाजूंनी पहारेकरी अडवतात.

पहिला पहारेकरी वातानुकूलित आहे. मुंबईतला एक गॅलरीवाला. चित्रांची वळकटी त्याच्या टेबलावर उलगडली, तर त्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, छान आहे हो, पण यात तुमचा अनुभव दिसत नाही. तुमच्याकडून आम्हाला वेगळं अपेक्षित आहे.

वेगळं म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही. सांगायला लागतं का? झाडू. गटार. रक्त. पाठीवरचे वळ. फाटक्या लुगड्यातली माय, आणि तिच्या डोळ्यांत शक्य तर थोडं पाणी. म्हणजे कोथरूडच्या पोरानं गुलाब रंगवला की ती कला, आणि मी रंगवला की मी अनुभव घरी विसरून आलो! त्यांचा अनुभव म्हणजे अख्ख्या माणूसजातीचा अनुभव आणि माझा अनुभव म्हणजे जातीचा दाखला. तो चित्राला टाचून आणा, सत्यप्रत जोडा, मग बघू.

इथं एक गोष्ट साफ करतो. सवी सावरकरांनी गळ्यात गाडगं अडकवलेला, झाडू घेतलेला माणूस आपल्या चित्रांत उभा केला, पेशवाईतला पुण्याचा रस्ता कॅनव्हासवर आणला, तेव्हा त्यांनी कुठल्या गॅलरीला विचारलं नव्हतं. ते गाडगं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर रंगवलं. त्यापुढं मी मान लववतो. पण आता त्याच गाडग्याची चौकट करून हे लोक आपल्या प्रत्येकाच्या गळ्यात अडकवायला निघालेत, हे मला कळतंय. पेशव्यांनी गाडगं थुंकायला दिलं होतं. हे रंगवायला देतात. दोन्हीकडं गाडगं आपल्याच गळ्यात आणि दोरी दुसऱ्याच्या हातात.

दुसरा पहारेकरी मात्र आपला आहे. त्याच्याशी बोलताना आवाज चढतो तसा गळाही दाटतो. वस्तीतल्या वाचनालयात मी चार चित्रं टांगली होती. संध्याकाळी पोरं जमली. त्यातला एक, चळवळीत जीव टाकून काम करणारा, म्हणाला, “दादा, तिकडं माणसं गटारात गुदमरून मरतायत आन् तुम्ही फुलं काढताय? हे भांडवलदारांच्या दिवाणखान्यातलं काम झालं.”

पोरगं खोटं बोलत नव्हतं. १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला, तरी माणूस गटारात उतरतोच आहे आणि मरतोच आहे. मी तर म्हणतो, जो चित्रकार हे विसरून ब्रश उचलतो त्याचा ब्रश मोडावा. पण त्या पोरानं दिवाणखाना आणि फुलदाणी एकच समजून टाकली. दिवाणखाना त्यांचा आहे, कबूल. फुलदाणी त्यांची कधी झाली? कोणी करून दिली खरेदीखत?

चला, हिशोबच काढू.

या चित्रप्रकाराला आपल्याकडं ड्रॉइंगच्या परीक्षेत स्थिरचित्र म्हणतात. डच भाषेतला शब्द ‘निश्चल जीवन’ असा आहे, आणि फ्रेंच तर सरळ ‘मेलेला निसर्ग’ म्हणतात. १६६७ मध्ये पॅरिसमधल्या राजाच्या कला अकादमीत आंद्रे फेलिबियां नावाच्या गृहस्थानं चित्रांची उतरंड लावून दिली. सगळ्यात खाली कोण? फळं, फुलं, शिंपले काढणारा. त्याच्या वर निसर्गदृश्यवाला. त्याच्या वर जिती जनावरं काढणारा. त्याच्या वर माणसाचा चेहरा काढणारा. आणि अगदी शेंड्यावर राजे, देव, लढाया, पुराणं रंगवणारा. वाचताना मला हसूच आलं. म्हटलं, अरे हा तर आपला मनू! बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण. चित्रांचाही तसलाच मनोरा या फ्रेंच मनूनं बांधला, आणि तळमजल्यावर, मोरीशेजारी, फुलदाणी ठेवली.

त्या तळमजल्यावर आणखी कोणाला ढकललं? बायांना. उघड्या माणसाच्या देहावरून चित्रकला शिकायची मुभा त्या काळी बाईला नव्हती, आणि देह काढता येत नाही म्हटल्यावर देव-राजे-लढाया बंद. मग उरली फुलं. हॉलंडातल्या राखेल रॉइसनं तीच फुलं घेतली आणि असं काम केलं की भल्याभल्या पुरुषांना तिच्याएवढी किंमत मिळेना. जन्म १६६४, मरण १७५०. दहा पोरं झाली आणि ऐंशी ओलांडल्यावरसुद्धा रंगवत होती. चित्राच्या कोपऱ्यात सहीशेजारी आपलं वय लिहायची म्हातारी! बघा, या वयातही हात कापत नाही. अशा बाईच्या फुलांना दिवाणखान्याची शोभा म्हणायचं तर म्हणा. मला ती मोरीशेजारून मारलेली बोंब वाटते.

तेव्हा फुलाचं चित्र हे चित्रांतलं खालच्या जातीचं चित्र आहे. वरचे त्याला हलकं म्हणतात हे समजू शकतो. आपण कशाला म्हणायचं?

पण थांबा. मी फुलांच्या चित्रांची वकिली करतोय म्हणजे त्यांची पापं धुवायला बसलोय असं कोणी समजू नये. पापं आहेत, आणि तारीखवार आहेत.

अँब्रोसिउस बोस्खार्ट नावाचा चित्रकार. मिडलबर्ग या बंदराच्या गावात त्याची बरीच हयात गेली, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचं एक मोठं ठाणं याच गावात. त्याचं एक चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, काचेच्या पात्रातला फुलांचा गुच्छ. तांब्याच्या पत्र्यावर रंगवलेलं, वहीच्या पानाएवढं. गुलाब, ट्यूलिप, नाजूक घंटेसारखी पांढरी फुलं. खाली फ्रेंचमध्ये मजकूर रंगवलाय, त्यात चित्रकाराच्या हाताला देवदूताचा हात म्हटलंय. वर्ष १६२१.

आता याच १६२१ मध्ये काय झालं ते ऐका. आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर जायफळ पिकायचं. जायफळावर आपली एकट्याची मक्तेदारी हवी म्हणून त्याच कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसोन कून फौज घेऊन उतरला आणि त्यानं ती बेटं जवळजवळ रिकामी केली. माणसं कापली, उपाशी मारली, उरलेली गुलाम करून नेली. मग मळे कसायला बाहेरून गुलाम आणले. आणि त्याच १६२१ मध्ये डचांनी दुसरी कंपनी काढली, वेस्ट इंडिया कंपनी. तिनं पुढं आफ्रिकेतली माणसं जहाजात कोंबून अमेरिकेत विकली.

बोस्खार्टनं कोणाला मारलं नाही. त्याचा हात स्वच्छ आहे. मी तेच म्हणतोय, स्वच्छ आहे! या चित्रकारांच्या गुच्छांखाली टेबलावर दूरदेशीचे शिंपले हौसेनं मांडलेले दिसतात. शिंपला आला, पण शिंपला वेचणारा हात चित्रात आला नाही. पैसा आला, जायफळ आलं, पण रिकामं बेट आलं नाही. सौंदर्य म्हणतात ते हेच, आणि शुद्ध कलाही हीच. सोवळ्यात असतं तसंच, ज्याला शिवायचं नाही त्याला चौकटीबाहेर ठेवलं की आतलं सगळं आपोआप शुद्ध.

कोणी म्हणेल, डचांचा आणि आपला काय संबंध? वेंगुर्ल्याला जाऊन बघा. १६३७ मध्ये डचांनी तिथं वखार घातली, तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. आणि तिकडं त्याच १६३७ च्या फेब्रुवारीत ट्यूलिपच्या कंदांचा सट्टा कोसळला. फुलाच्या एका कंदावर घरादाराएवढे पैसे लावणारी ही माणसं आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर वजनकाटा घेऊन बसली होती. अशी ही निष्पाप फुलं.

आणखी एक दाखला देतो, कारण हा मला रात्री झोपू देत नाही. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं ‘ऑलिंपिया’. १८६३ मध्ये काढलं, १८६५ मध्ये पॅरिसला लावलं आणि गहजब झाला. बिछान्यावर एक नागडी गोरी बाई, थेट आपल्याकडं बघणारी. शंभर-सव्वाशे वर्षं लोक त्या बाईवर लिहीत राहिले. पण तिच्याशेजारी एक काळी बाई उभी आहे. तिच्या हातात कागदात गुंडाळलेला फुलांचा गुच्छ आहे, तो ती आणून देतेय. ती कोण? मानेनं आपल्या वहीत तिचं नाव टिपलं होतं, लोर. नाव माहीत असून कोणाला तिच्याकडं बघायची गरज वाटली नाही. २०१९ मध्ये पॅरिसच्या ओर्से संग्रहालयानं काळ्या मॉडेलांवर प्रदर्शन भरवलं तेव्हा त्या चित्राला थोड्या दिवसांपुरतं लोरचं नाव दिलं. दीडशे वर्षांनी आणि तेही थोड्या दिवसांपुरतं! गुच्छ सगळ्यांना दिसत होता. गुच्छ धरणारा हात दिसत नव्हता. आपल्याला हे कोणी समजावून सांगायची गरज आहे का? आपल्या आयाबहिणी सकाळी सहाला बस पकडून ज्या घरांत जातात, तिथं फुलदाणी दिसते, ती पुसणारी दिसत नाही.

हाच माने शेवटी आजारानं खंगला. १८८२-८३ मध्ये उभं राहणं जमेना, मोठी चित्रं जमेनात, तर भेटायला येणाऱ्यांनी आणलेली फुलं काचेच्या पात्रात ठेवून तो छोटी-छोटी चित्रं काढत राहिला. १८८३ च्या एप्रिलमध्ये पाय कापला आणि त्याच महिन्याच्या तीस तारखेला गेला. ती चित्रं बघाल तर काचेतलं पाणी हातात घ्यावंसं वाटतं. मरणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नाही की बाबा रे, फुलंच का? तुझा अनुभव कुठाय? त्याला मुभा होती. मला तीच मुभा पाहिजे, आणि मी ती कोणाकडं अर्ज करून मागत नाहीये.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईत येऊ.

कृष्णाजी हौलाजी आरा. जन्म १९१४, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. आई लहानपणीच गेली. पोरगं मुंबईला पळून आलं. घरगडी म्हणून राबलं, साहेबलोकांच्या गाड्या धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलं. चित्रकलेची शाळा नाही, गुरू नाही, जे. जे. चा दाखला नाही. १९४२ मध्ये चेतना रेस्टॉरंटमध्ये पहिलं प्रदर्शन. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. आणि या माणसानं जन्मभर काय रंगवलं? फुलदाण्या. जलरंग असा जाड लावायचा की तैलरंगाचा भास व्हावा. मोठीच्या मोठी फुलं, पात्राच्या तोंडातून अंगावर येणारी. १९८५ मध्ये मेला. आजही आरा म्हटलं की लोकांना त्याच्या फुलदाण्या आठवतात.

मी आराच्या चित्रामागं त्याच्या जातीचा दाखला शोधायला जाणार नाही. तो धंदा त्या गॅलरीवाल्याचा. मला एवढं पुरे आहे की दुसऱ्याच्या घरात झाडूपोछा करणाऱ्या माणसानं फुलदाणी रंगवली. आराच्या चित्रांवर बोलताना ‘उत्स्फूर्त’ हा शब्द या लोकांच्या तोंडात पटकन येतो. आम्ही केलं की उत्स्फूर्त, त्यांनी केलं की चिंतन! अरे, घरकाम केलेला माणूस फुलदाणी जेवढी ओळखतो तेवढी मालक सात जन्मांत ओळखणार नाही. मालकाला फुलदाणी वरून माहीत, फुलांच्या बाजूनं. गड्याला ती आतून माहीत. पाचव्या दिवशी तिच्यातलं पाणी ओततो कोण? देठांवर धरलेला बुळबुळीत थर बोटांनी काढतो कोण? काचेच्या तळाला चिकटलेली हिरवी घाण राख आणि काथ्या घालून घासतो कोण? माझी आई धुणीभांडी करायची. ती म्हणायची, “फूल मागनं मरतं, पाणी आधी मरतं.” सौंदर्यशास्त्राची जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत. फुलदाणीबद्दल याहून खरं वाक्य मला त्यांत सापडलं नाही.

डचांचा गुच्छ कायम पहिल्या दिवसाचा. आणि तोसुद्धा बनवलेला बरं का! वसंतातलं फूल आणि उन्हाळ्यातलं फूल एकाच पात्रात. खऱ्यात असा गुच्छ जमूच शकत नाही. वेगवेगळ्या वेळी केलेल्या अभ्यासचित्रांवरून जुळवलेला. एखादी अळी, एखादं वाळकं पान काढून ते आपल्याला मरणाची आठवण देतात म्हणे. मरणाची आठवण देतात, पण पाणी बदलणाऱ्याची देत नाहीत. मग पाचव्या दिवसाची फुलदाणी कोण रंगवणार? ज्यांनी ती घासली त्यांनीच ना? का तीही त्यांनाच रंगवू द्यायची?

आता कामाचं बोलतो. काच कशी रंगवायची. पुष्कळ पोरं मला विचारतात आणि ज्यांना हे नुसतं तंत्र वाटतं त्यांनी जरा दम धरावा.

काच रंगवायचीच नसते. काचेला स्वतःचा रंग नाही. तिच्यातून जे दिसतं ते रंगवायचं आणि तिच्यावर जे पडतं ते रंगवायचं. ग्लासात देठ उभा करा. पाण्याच्या रेघेपाशी तो तुटल्यासारखा दिसेल. वरचा देठ इथं आणि पाण्यातला जरा सरकून तिथं, शिवाय जाड झालेला. डोक्यानं काढाल तर सरळ काढाल आणि ग्लास मरेल. डोळ्यानं काढा. तो तुटलाय तर तुटलेला काढा. पाण्याचा काठ लांबट गोल असतो, त्याची अलीकडची कड पलीकडच्या कडेपेक्षा ठळक. आणि सगळ्यात मोठी गंमत उजेडाची. मडक्यावर डावीकडून उजेड आला की डावी बाजू उजळ, उजवी काळी. ग्लासभर पाण्यात उलटं. उजेड पाण्यातून आरपार जातो आणि पलीकडच्या कुशीत जमा होतो. ग्लासाची सावलीसुद्धा नुसती काळी पडत नाही, सावलीच्या पोटात उजेडाचा ठिपका असतो. जलरंगात तो ठिपका रंगानं येत नाही, तिथं कागद कोरा सोडावा लागतो. सोडायचं कुठं हे कळायला मला सहा महिने लागले.

आणि चमक. ग्लासाच्या फुगवट्यावर समोरची खिडकी छोटी होऊन पडते. यान दाविद्स द हेम या डच चित्रकाराच्या फुलदाण्या बघा. काचेवर त्याच्या खोलीची खिडकी आहे, चौकटीसकट. बाकी सगळं त्यानं जुळवून मांडलं असेल, पण खोली मात्र काचेनं दाखवली. आता माझ्या खोलीला खिडकी नाही. एक दार आहे. दारात उजेड येतो तो समोरच्या चाळीच्या दोन भिंतींमधून, आणि दारासमोर नळ आहे. मी ग्लास ठेवतो तेव्हा त्याच्यावर काय पडतं? उभट दाराची पांढरी फट, आणि त्या फटीत काळे-निळे ठिपके. ते ठिपके म्हणजे नळावर हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया. मी ते ठिपके काढतो. ब्रशच्या टोकानं, चार-पाच. गॅलरीवाल्याला त्यात अनुभव दिसला नाही, कारण त्यानं फुलं बघितली आणि ग्लास बघितलाच नाही.

आणि ग्लास कुठला? कटिंग चहाचा. जाणूनबुजून. माझ्या आज्यासाठी गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती, बाहेर वळचणीला खोचलेली. स्वतः काढायची, स्वतः धुवायची, चहा वरून ओतला जायचा, आणि पुन्हा तिथंच खोचायची. काचेच्या ग्लासात चहा आतल्यांना. पाणीही वरून. ज्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांना हजारोंना घेऊन तळ्यात उतरावं लागलं, ते पाणी मी आज काचेच्या ग्लासात भरून टेबलावर ठेवतो आणि दोन-दोन तास त्याच्याकडं टक लावून बघतो. पाण्याकडं नुसतं बघत बसायची चैन आमच्या किती पिढ्यांनी केली? तळ्याकडं बघितलं की दगड यायचा. माझं फुलांचं चित्र हे पाण्याचं चित्र आहे. हे मी त्या पोराला सांगितलं तेव्हा तो गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे. तो विचार करत होता. मला तेवढंच हवं होतं, कारण भांडण अजून संपलेलं नाही आणि संपूही नये.

कारण तो उद्या विचारेल की ग्लास तरी कुठून आला? विचारावंच. काच म्हणजे वाळू, सोडा, चुना आणि आग. आपल्याच सिंधुदुर्गात, कणकवलीकडं कासार्ड्याच्या पट्ट्यात सिलिका वाळू काढतात. ती धूळ छातीत बसली की फुप्फुसं दगड होतात, त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि त्यावर औषध नाही. फिरोजाबादच्या भट्ट्यांपुढं काचेच्या बांगड्या करताना पिढ्या भाजल्या, लहान पोरंसुद्धा. फुलं कुठून आली? दादरच्या बाजारात पहाटे पाट्या उतरतात. त्या डोक्यावर वाहणारा वेगळा, गजरे ओवत बसणारी वेगळी. मावळातल्या पॉलीहाऊसमधला गुलाब चौदा फेब्रुवारीसाठी परदेशी जातो. तो खुडून, लांबीप्रमाणं निवडून, पुठ्ठ्यात गुंडाळणाऱ्या बाईला त्या दिवशी कोणी गुलाब देत नाही. हे सगळं त्या ग्लासात आहे. चित्रकाराला दिसलं पाहिजे. ते न दिसता काढलेल्या फुलांना दिवाणखाना म्हणा, माझी हरकत नाही.

एक माणूस सांगतो आणि थांबतो. ‘थेरगाथे’त सुनीत आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्याची धम्मदीक्षा आवर्जून सांगितली, आपल्यातल्या पुष्कळांना ती पाठ आहे. झाडूवाला सुनीत. पण ‘थेरगाथे’तल्या पालीत त्याच्या कामाला जो शब्द आहे तो बघा, पुप्फछड्डक. सुकलेली फुलं काढून टाकणारा! म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीसुद्धा कोणीतरी ताजी फुलं वाहत होतं आणि कोणीतरी शिळी उचलत होतं, आणि उचलणारा नीच कुळातला. तथागतानं त्याला रस्त्यात गाठलं ते फुलांच्या केरासकट. सुनीतानं फुलदाणी काढली असती तर कशी काढली असती? मी हा प्रश्न दोन वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. माझ्या मते त्यानं आधी पाटीतली फुलं काढली असती, काळी पडलेली, एकमेकांना चिकटलेली, तरी वास धरून असलेली. झेंडू सुकला की त्याचा पिवळा जातो आणि विटकरी येतो, पाकळीच्या कडेनं आधी. तो रंग कुठल्या ट्यूबमध्ये मिळत नाही, मिसळून करावा लागतो. पिवळ्यात थोडा गेरू, थोडा जांभळा. जांभळा बेतानं घाला, नाही तर माती होते.

दर रविवारी सकाळी नऊपासून मी वाचनालयात बसतो. कागद आणि फुलं माझी. गेल्या रविवारची फुलंही मी त्याच पाण्यात ठेवलीत, कोणी फेकू नका, नाकाला रुमाल लावा. ज्याला माझ्याशी भांडायचंय त्यानंही यावं, पण ब्रश घेऊन. ग्लास आपापल्या घरून आणा, ज्यातून रोज चहा पिता तोच.